गोल दाण्यांची साक्ष

ती घटना आजही आठवली की मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही! तेव्हा मी तंजावूरला निरीक्षक होतो. एका कॉलेजातली संशोधक मुलगी धापा टाकत ठाण्यात आली. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या तिच्या सळया प्रयोगशाळेतून चोरीला गेल्या होत्या. त्या परीक्षकांपुढे ठेवल्याशिवाय पीएचडी मिळणार नव्हती. माझ्यासारखीच इथल्या मराठी घरातली, म्हणून घरच्या बोलीत म्हणाली, "सर, काय करूं मी आतां? सगळें काम गेलें!"

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याचा फोन आला. तिरुवैयारुच्या रस्त्यावर एका ओतकाम करणाऱ्याकडे चांदीसारख्या, पण बांबूइतक्या हलक्या सळया आल्यात आणि तो त्या आजच वितळवणार आहे. आम्ही जीप पिटाळली. पोहोचलो तेव्हा भट्टी पेटलेली होती! सळया जप्त करून पंचनामा केला. हाच इसम प्रयोगशाळेची भट्टी दुरुस्त करून गेला होता. पण सळयांवरच्या खुणा त्याने घासून टाकल्या होत्या.

चौकशीत गडी जराही डगमगेना; सळया मीच बनवल्या, एवढंच म्हणत राहिला. मग मी चोरीचा विषयच सोडला, कॉफी मागवली आणि सळया कशा केल्या ते विचारलं. स्वारी खुलली. घराणं मूर्ती ओतणाऱ्यांचं.

"धातू पाण्यासारखा झाला की साच्यात ओतायचा, सर. अर्धवट वितळलेल्याला आमच्यात कुणी हात लावत नाही!"

मी जबाब नोंदवला. मुलीला सांगितलं तर ती उडालीच.

"सांपडला, सर! माझा धातू पुरा वितळवीतच नाहीं मी. निम्मा मऊ असतांना दाबून सळई काढतें. भिंगाखालीं ओतलेल्यांत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते, माझ्यांत गोल दाणे!"

दुसऱ्या कॉलेजातल्या तज्ज्ञाने पंचांसमक्ष सळईचा काप घासला, आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मीही डोळा लावला. फांदी एकही नाही! साबुदाण्याच्या पायसमसारखे गोल गोल दाणे, तिने चोरीआधी सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोत होते तसेच. फोटो समोर ठेवताच गड्याने कबुली दिली.

चोर चोरीबद्दल बेधडक खोटं बोलतो. पण आपल्या कसबाबद्दल बोलताना त्याला बढाई आवरत नाही, हे मी तेव्हा शिकलो. पुढे प्रत्येक चौकशीत आधी माणसाचं काम विचारलं.

सळया आता मुद्देमाल होत्या. न्यायालयाच्या परवानगीने परीक्षेला त्या माझा हवालदार घेऊन गेला आणि संपेपर्यंत शेजारी पहारा देत उभा राहिला. मी बाहेर येरझारा घालत होतो. दार उघडलं आणि माझ्याआधी हवालदारच ओरडला, "सर, आपण पास!"