न्याक उबितचे खांब

माझी सासू न्याक उबित जेवतानासुद्धा एक गुडघा उभा ठेवून बसायची. कुणी हाक मारलीच, तर चटकन उठता यावं म्हणून. समुद्रापलीकडून आलेल्या वलंदेज गोऱ्यांशी लढाई सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. स्वस्थ बसायची सवय आमच्या सगळ्या आचे मुलखाचीच मोडली होती.

आमच्याकडे घर बाईचं. लेकीच्या लग्नात आई तिला घर देते आणि जावई तिथे राहायला जातो. सफियाशी माझं लग्न ठरलं तेव्हा लाम बारोह गावात तिचं घर तयार होतं, सोळा खांबांवर उभं. तेवढ्यात वलंदेजांनी शहराभोवती चौक्यांची रांग उभी केली आणि हुकूम सोडला : तोफेच्या टप्प्यात झाड नको, कुंपण नको, घर नको. गाव रिकामं करा.

गावात रडारड झाली. न्याक उबितने लाकडी हातोडा उचलला. आमच्या घरांना खिळे नसतात, सगळं पाचरांवर. पाचरा ठोकून काढल्या की घर उकलतं.

"अगं, घटकाभर रडून तरी घे," शेजारीण म्हणाली.

"माझ्या वाटचं तूच रड. आणि रडता रडता ही फळी धर."

होडीत घालून ते घर आम्ही नदीच्या वरच्या अंगाला, सासूच्या मामाच्या जमिनीवर नेलं. अजून उभारलंही नव्हतं, तोच पांग लातेह आला. तो तिचा चुलतभाऊ, आमच्याकडच्या लढवय्यांचा म्होरक्या. वर्षापूर्वी त्याचा थोरला मुलगा लढाईत पडला होता.

"ताई, खांब दे. तटबंदी घालायचीय."

"सफियाच्या लग्नाचं घर आहे ते, लातेह."

"मुलूख राहिला तर घर राहील."

"आणि घरं नाही राहिली, तर मुलूख कुणाचा? माकडांचा?"

त्याची माणसं हसली. लातेहचे कान लाल झाले. "उद्या येतो," एवढंच म्हणून तो गेला.

सासूने माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, पोहता येतं ना? मग उभे काय राहिलात?"

मासळीच्या तळ्यात आम्ही एकेक खांब बुडवला. पाण्यात लाकूड कुजत नाही. मेंदीच्या आधी मला गळ्यापर्यंत चिखल लागला.

दुसऱ्या दिवशी लातेहने विचारलं, "खांब कुठेत?"

"आहेत. सांगणार नाही. तुळया ने, फळ्या ने."

त्याने गढूळ तळं पाहिलं, माझ्या कानामागचा चिखल पाहिला. मग तुळया उचलून निघून गेला.

भात कापणीला आलं तेव्हा तटबंदी पडली. लातेह तिथेच मारला गेला.

त्यानंतर सासूचा पाय एका जागी ठरेना. आमचं लग्न गवताच्या झोपडीत लागलं; पाहुणे जेवत होते आणि ही तळ्याभोवती फेऱ्या मारत होती. एकदा मला म्हणाली, "खांब दिले असते तर?"

"सोळा खांबांनी तोफ थांबत नसते, आई."

"ते मलाही कळतं. तरी सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. असं दोन वर्षं चाललं; खांब वर काढायचं ती नाव घेऊ देईना.

सफियाला दिवस गेले, तेव्हा मी खांब वर काढले. एकही नासला नव्हता. पण सासूने घर बाराच खांबांवर उभारायला लावलं. उरलेले चार खांब म्हशी जुंपून ओढत आम्ही लातेहच्या बायकोच्या दारात नेले. तिचं खोपटं एका बाजूला कललं होतं.

"तेव्हा द्यायचे होतेस," ती वरूनच म्हणाली आणि आत गेली.

सासू अंगणात उभी राहिली. मी म्हटलं, "चला." ती हलली नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी लातेहची बायको पुन्हा दारात आली.

"उन्हात मरतेस का आता? वर ये. पान खा."

सासू वर गेली. मला मात्र कुणी बोलावलं नाही. मी म्हशी सोडल्या आणि खांबांसाठी खड्डे खणायला लागलो.