आबांची ओ

शामराव आणि मी वरळीच्या बीडीडी चाळीत चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. मी महापालिकेच्या शाळेत मास्तर, ते मिलमध्ये विणकर. मागांच्या खडखडाटात तिशीतच त्यांचे कान गेले. त्यांच्या खात्यात सगळे ओठांवरूनच बोलत. नियम एकच: समोरच्याच्या ओठांवर आपलं नाव दिसलं की हात वर करून मोठ्यानं ओ द्यायची. चुकलात तर मागातून सुटलेला धोटा, सूत वाहणारा तो लाकडी ठोकळा, डोक्यात बसायचा.

त्यांची दीपिका जन्मली तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पोर बोलायला लागली तीच तोंड पूर्ण उघडून, एकेक अक्षर ओठांवर ठेवून. त्याशिवाय बापाला कळणार कसं? पुढे कॉलेजात एका बाईंनी तिचा आवाज हेरला आणि तिला ऑपेरा शिकवला. त्या विचारायच्या, इतके स्पष्ट शब्द तुला कुणी शिकवले? ती सांगायची, माझ्या वडिलांनी, आबांनी. बाईंना वाटे, आबा गवई असतील.

एवढं असून शामराव तिच्या एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. "मास्तर, मला काय डोंबल ऐकू येणार? उगाच खुर्ची अडवायची." कानाचं मशीन घेतलं होतं, त्यात नुसती घरघर येते म्हणून ते कपाटात पडून. मला राग यायचा. बहिरेपणाच्या आड लपून बसलाय हा माणूस, असं मी बायकोला म्हणायचो.

गेल्या डिसेंबरात गिरगावातल्या एका जुन्या चर्चमध्ये तिचं गाणं ठरलं. साठेक माणसं, एक पियानो, माइक नाही. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "काका, एकदाच आणा त्यांना. मी गाते ते त्यांच्याकडूनच आलंय, हे त्यांना कधी कळणार?" तिचे डोळे भरलेले पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मी शामरावांना अक्षरशः ओढत नेलं.

दुसऱ्या बाकावर बसलो. उंच कमानी, रंगीत काचा, आणि शिंकायचीही चोरी वाटावी अशी शांतता. मी त्यांना तीनदा बजावलं, तोंडातून आवाज काढायचा नाही. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कुठे कळतं?

गाणं इटालियन. हातातल्या कागदावर अर्थ छापला होता. एक बाई पहाटेची वाट बघते आहे. 'आल्बा' म्हणजे पहाट. शामरावांनी कागद घेतलाच नाही. ते लेकीच्या ओठांकडे बघत होते.

'आल्बा', ती गायली. शामराव चुळबुळले. पुन्हा 'आल्बा'. ते बाकाच्या टोकाला सरकले. चौथ्या वेळी तिचा सूर थेट कमानीपर्यंत चढला, पियानो क्षणभर थांबला, आणि शामरावांनी हात वर केला.

"ओ! हाय मी हितं, दीपे!"

सगळं चर्च वळलं. शरमेनं मी त्यांचा सदरा ओढला. काय चुकलं ते त्यांना कळेना. पोरगी 'आबा, आबा' करतेय, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दीपिका त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पियानोवाल्या बाईंना खूण केली आणि शेवटची ओळ पुन्हा धरली. तोंड पूर्ण उघडून, एकेक अक्षर ओठांवर ठेवून. या वेळी मधला 'ल' नव्हता, मी नीट ऐकलं. शामरावांचा हात अजून वरच होता. मी सदरा सोडला. मला माझीच लाज वाटली.

बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, एवढ्यांदा का बोलवत होती? काय पाहिजे होतं तिला?"

अर्थाचा कागद माझ्या खिशात होता. तो मी तिथेच राहू दिला. त्यांच्यासमोर उभा राहून, तोंड मोठं उघडून मी म्हणालो, "तुम्ही आलात का, ते बघत होती."