मातीच्या भुताची भाषा

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच घरात कोंडला गेलो. परंड्यात जन्मभर कड्या-कोयंडे विकले, आणि घरच्याच कोठीची कडी बाहेरून पडली.

घरात फक्त सहा वर्षांची नात, टीव्हीसमोर. मातीच्या बाहुल्या असलेली भुतांची मालिका चालू होती. त्यातलं भूत ओळखीच्या माणसाचा आवाज काढून दार उघडायला लावतं.

मी हाक मारली, "बाळा, कृपया दार उघड. मी आत अडकलो आहे."

"न्हाय उघडणार. तू भूत हाईस."

वर तापलेले पत्रे, मोबाईल बाहेर. घामानं जीव घाबरा झाला. दाराला कान लावला, तर टीव्हीतलं भूत म्हणत होतं, "बाळा, कृपया दार उघड."

चूक कळली. नात शाळेत जायला लागली, म्हणून सूनबाईच्या सांगण्यावरून कालपासूनच मी नातीशी शुद्ध बोलतोय.

मग ओरडलो, "अगं ए भवाने, उघड की दार! लई उकडाय लागलंय."

लगेच कडी निघाली. "मग आधीच असं बोलायचं की, आबा."

सूनबाई आता बाजारातून येईलच. तिला काय सांगू, तुम्हीच सुचवा. मला ह्या घरात आबाच राहायचंय, भूत न्हाय.