खालची यादी कोरी

क्रांती चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक रकाना तो मोठ्यानं वाचायचा आणि आपण मोठ्यानं उत्तर दिल्याशिवाय माउस दाबायचा नाही. "फॉर्म तुमचा हाये, बोट फक्त माझं," म्हणायचा. मला त्याचा लई राग यायचा.

पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. पाचला साइट बंद होणार होती आणि दहा मिनिटं उरली होती. धर्म 'बौद्ध' निवडला की खालची प्रवर्गाची यादी कोरी यायची. 'हिंदू' निवडला की त्याच यादीत आमची अनुसूचित जाती दिसायची.

"हिंदू टाका हो," मी हळूच म्हणालो.

त्यानं माउसवरचा हात काढला. "मोठ्यानं बोला भाऊ. धर्म?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी घड्याळाकडं बघितलं.

"बौद्ध," तीच म्हणाली.

त्यानं दाबलं. खालची यादी कोरी झाली. त्या कोऱ्या यादीची त्यानं प्रिंट काढली, माझ्या हातात दिली आणि गिऱ्हाईकं उभी असताना दुकानाचं शटर ओढलं.

"चला, समाजकल्याणचे साहेब हापिसातून उठायच्या आत ही साइटची चूक दाखवू. मी येतो संगं."