हरण्याचं प्रोटीन

तळवड्याच्या मारुतरावांची जमीन आयटी पार्कच्या पोटात गेली, पण अंगातला शेतकरी काही गेला नाही. शर्यतीचा एक बैल त्यांनी हौसेनं राखला होता, हरण्या. भाडेकरूंनी भरलेल्या त्यांच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये तो पंख्याचं वारं खात उभा असायचा, आणि भाडेकरूंच्या गाड्या बाहेर उन्हात. तक्रार करणार कुणाकडे? बैल मालकाचा, इमारतही मालकाचीच.

यात्रेची शर्यत तोंडावर आली आणि हरण्या पेंड उष्टी टाकायला लागला. लंगडत नव्हता, अंग तापलेलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टर योगिनीताईंना वरून काहीच सापडेना, म्हणून त्यांनी रक्त काढून तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला की मी समजावून सांगते, असं बजावून त्या गेल्या.

रिपोर्ट मारुतरावांच्याही मोबाइलवर आला. हॅप्टोग्लोबिन नावाचं रक्तातलं प्रोटीन, नेहमीच्या कैक पट, आणि आकड्यापुढे वर जाणारा बाण. आता बघा, तळवड्यात जमिनीचे भाव वर गेले, इमारतींचे मजले वर गेले. वर गेलेली गोष्ट वाईट असते, हे मारुतरावांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या जिममधली पोरं डबेच्या डबे प्रोटीन पिऊन दंड फुगवतात, आणि आपल्या हरण्याला ते आयतंच! त्यांची बायको सुभद्राबाई म्हणाल्या, अवो, त्यानं आजबी पेंडीला तोंड लावलं न्हाई. त्यावर मारुतराव म्हणाले, प्रोटीननंच पोट भरलंय त्याचं.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दिवस मावळायच्या आत चौकात फ्लेक्स लागला. हार घातलेला हरण्या, शेजारी गॉगल लावलेले मारुतराव, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘रक्तातच ताकद! हॅप्टोग्लोबिनमध्ये तालुक्यात एक नंबर!’ योगिनीताई फोन लावून दमल्या, पण अभिनंदनाच्या फोनांतून लाइन मोकळी होईल तर ना.

शर्यतीच्या सकाळी दवाखान्यात जाताना योगिनीताईंनी तो फ्लेक्स वाचला, कपाळाला हात लावला आणि स्कूटर थेट चाकणकडच्या शर्यतीच्या घाटावर नेली. तिथे हरण्याच्या मानेवर जू चढलं होतं आणि भंडारा उधळला जात होता.

त्या वाकून एकेक खूर चिमट्यात दाबत गेल्या. मागच्या उजव्या खुराला हरण्यानं पाय झटकला आणि तो कण्हला.

“मारुतराव, ही ताकद नाही, दुखणं आहे. आत सूज असली की हे प्रोटीन रक्तात वाढतं. हा खूर आतून पिकलाय. पळवलात तर बैल पुन्हा उभा राहणार नाही.”

अख्खी भावकी बघत होती. कुणीतरी मागून विचारलं, काय राव, प्रोटीन उतरलं का? हशा पिकला. मारुतरावांचे कान लाल झाले. मुकाट्यानं हरण्याची पळायची बारी होऊ दिली तर इज्जत राहणार होती, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी हरण्याकडे पाहिलं. तो दुखरा पाय टेकवून, पळायला तयार होऊन उभा होता. त्यांनी स्वतःच्या हातानं जू उतरवलं.

स्पीकरवाला पुकारायला लागला, की काही कारणानं हरण्याची बारी रद्द. मारुतरावांनी त्याच्या हातातला माइक घेतला.

“कारण मी सांगतो. मुकं जनावर ते, त्यानं रगतातनं सांगितलं मला, की दुखतंय. आन् मी त्याचा फ्लेक्स लावला.”