भाड्याच्या गाडीचा मालक

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी पुण्यात लोहमार्ग पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात विश्रांतवाडीहून एक बाई आल्या. मूळच्या अकोल्याकडच्या. त्यांचा नवरा यात्रेकरूंच्या एका खासगी गाडीत आचारी होता.

"साहेब, मले लय भेव वाटून रायलं," त्या म्हणाल्या. "हे सैपाक करतात त्या डब्यात चोरून गॅसच्या टाक्या ठेवतात. आजही चढवल्या. मागच्या खेपेले नळी गळत होती."

गाडी तीनला सुटणार होती, आणि पावणेदोन वाजले होते. प्रवासी तीनशेच्या वर, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. धावत्या डब्यात आग लागली की काय उरतं, त्याचा पंचनामा मी नोकरीच्या सुरुवातीला एकदा लिहिला होता. मी हवालदाराला घेऊन थेट गाडीकडे गेलो.

स्वयंपाकाच्या डब्यात सगळं चकचकीत होतं. विजेच्या शेगड्या, जागच्या जागी अग्निशामक नळकांडी. कोठीच्या खोलीला मात्र कुलूप. सहल कंपनीचा व्यवस्थापक पेठेतला, आवाज न चढवणारा. "किल्ली आमच्याकडे नसते. आपण खानपानाच्या ठेकेदाराला विचारा." ठेकेदार फोनवर म्हणाला, डबे ज्या कंपनीने भाड्याने दिलेत तिला विचारा. ती कंपनी म्हणाली, डबे मुळात रेल्वेचे, आम्ही ते दीर्घ मुदतीवर घेतलेत. रेल्वेचे अधिकारी म्हणाले, करार झाल्यावर आतली जबाबदारी कंपनीची.

"मग गाडी कुणाची?" मी व्यवस्थापकाला विचारलं.

"चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला. "करार जाडजूड आहे. आपल्याला सवड असेल तर आणवतो."

कायद्याने ते कुलूप उघडायला मला यांपैकी कुणाचीही परवानगी लागत नव्हती. पण एवढ्या बड्या सह्या-शिक्के पाहून मी बिचकलो. वीस मिनिटं फोन करण्यात घालवली. तोवर प्रवासी चढू लागले. एका आजींना हात धरून माझाच हवालदार वर चढवत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात ओट्यावरच्या टोपलीकडे लक्ष गेलं. भरताची मोठाली वांगी, तेलाचा हात लावून तयार. आमच्या घरी विजेची शेगडी आल्यापासून भरीत बंद झालं होतं आणि त्यावरून बायको मला रोज ऐकवायची. मी आचाऱ्याला, त्या बाईंच्या नवऱ्याला, बाजूला घेतलं.

"वांगी कशावर भाजणार?"

"याच शेगडीवर, साहेब."

"एक भाजून दाखवा."

तो हळूच म्हणाला, "लोकांना विस्तवावरचंच भरीत लागतं. नाही दिलं तर तक्रार जाते आणि मला घरी बसवतात." बोलताना त्याची नजर कोठीच्या दाराकडे गेली.

दोन पंच बोलावून कुलूप तोडलं. दार उघडताच वास आला. चादरींच्या गठ्ठ्यांमागे तीन भरलेल्या टाक्या होत्या, एकीची नळी तडकलेली. मी लगेच डब्याची वीज बंद करायला आणि गाडी रिकामी करायला सांगितलं. सगळे सुखरूप उतरले.

ठाण्यात चारही पक्षांनी आपापले कागद पुढे केले. टाक्या कुणाच्याच नव्हत्या. संध्याकाळपर्यंत आरोपीच्या रकान्यात एकच नाव पडलं, आचाऱ्याचं. शेगडी पेटवणारा तोच होता. मी अटकेच्या कागदावर सही केली.

बाई पुन्हा आल्या. रडल्या नाहीत. "गाडीचा मालक तुमाले सापडला नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आचारी बरोबर सापडला."

पुढे तो करार मी पानन् पान वाचला आणि दोषारोपपत्रात बाकीच्यांचीही नावं घातली. ते सगळे महागडे वकील घेऊन आले. आचारी तोवर नोकरी गमावून बसला होता. मालकी जितक्या हातांत वाटली जाते, तितकी जबाबदारी खाली घसरते, हे मी त्या प्रकरणात शिकलो. स्वतःबद्दलही एक गोष्ट कळली, ती जास्त बोचते. बड्यांचं कुलूप तोडायला मला वीस मिनिटं लागली. आचाऱ्याला आत टाकायला एक मिनिटही लागलं नाही.