खंडेनवमीला पुजलेला फुटबॉल

गेल्या वर्षी आमच्या घरात दिवाळीला कोण कुठे जाणार, हे फुटबॉलवर ठरलं.

फुटबॉल म्हणजे मैदानावरचा नव्हे. राखीपौर्णिमेला माझ्या भावाने ओवाळणीत हातात मावेल असा व्हिडिओ गेम दिला. मधे पडदा, दोन्ही बाजूंना सुटे होणारे रिमोट. एक माझा, एक नवऱ्याचा. (राजूरमध्ये चाळिशीतलं जोडपं घरात बसून एकमेकांवर ओरडतं ते भांडणामुळे नाही, हे शेजाऱ्यांना पटायला महिना लागला.)

भाऊबीजेला नणंदबाई आमच्याकडे येतात, त्यामुळे त्यांच्या सरबराईला मी घरीच. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. ते काही सातासमुद्रापार नाही, पण सलग दोन वर्षं मी भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं होतं. मोबाइलपुढे निरांजन फिरवताना मला खरंच रडू आलं होतं. म्हणून गेल्या वर्षी मी पैज लावली.

"दसऱ्याला मॅच. मी जिंकले तर चार दिवस माहेरी. तुम्ही जिंकलात तर इथंच मुकाट पुरण वाटते."

"मंजूर!" हे म्हणाले आणि लगेच सरावाला बसले. शेतातून आलेला माणूस चपला न काढता गोल मारू लागला! माझा सराव म्हणजे भाजी शिजेपर्यंतची पाच मिनिटं. काहीतरी करणं भाग होतं.

ती संधी खंडेनवमीला आली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली मांडत होत्या. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी शिवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. मी साळसूदपणे गेम पाटावर ठेवला.

"हे काय वं?"

"आत्याबाई, हेबी यंत्रच हाय की."

"मंग राहू दे. उद्यापर्यंत बिलकुल हात लावायचा न्हाई कोणी!"

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सराव बंद! फक्त आत्याबाईंची भक्ती मी लक्षात घेतली नव्हती. त्यांनी गेमवर आधी पाणी शिंपडलं, मग बोटभर हळद-कुंकू, अक्षता, गुळाचा नैवेद्य, आणि शेवटी त्याच्या डोक्यावरच नारळ फोडला! उजव्या रिमोटची तर आंघोळच झाली.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मॅच सुरू. पंच आत्याबाई. उजवा रिमोट मी हट्टाने मागून घेतला. कुंकू त्यालाच जास्त लागलं होतं, म्हणजे आशीर्वादही त्यालाच जास्त!

पिवळे गडी माझे, निळे यांचे. शिट्टी झाली. मी रिमोटची दांडी डावीकडे वळवली आणि ती गुळात तिथेच बसली. लाथ मारायचं बटणही हळदीने आत दबलेलं. माझा गडी चेंडू घेऊन थेट डावीकडच्या माझ्याच जाळीकडे निघाला!

"अगं, उलटी कुठं चाल्ली?" हे ओरडले.

"डाव हाय माझा!" (चूक कबूल करण्याइतकी वाईट वेळ अजून आली नव्हती.)

गोल! माझ्याच जाळीत. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला माझा गोलकीपर आपणहून बाजूला सरल्यासारखा वाटला. हे तर रिमोट मांडीवर टाकून चिवडा खात होते.

मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. आता डावीकडे यांची जाळी! मी पदर खोचून सरसावले आणि पडदा काळा झाला. दोन दिवस पाटावर बसलेल्या यंत्राला चार्जिंगला कोण लावणार?

"चार-शून्य! जिंकलो! थांब, ताईला फोन लावतो," हे उठले.

म्हणजे तिसरी भाऊबीजही मोबाइलवर.

"खाली बस," आत्याबाई म्हणाल्या. "गोल कोणी केले?"

"तिनंच, पण आई..."

"मी बराबर बघून राह्यले. चारी बारीला लाथ पिवळ्यानंच मारली. तुहे निळे नुसते पळून राह्यले व्हते. सूनबाई जिंकली."

"आई, तिनं सोत्ताच्या जाळीत मारले ना!"

"घरच्या जाळीत का व्हईना, मारले तर खरं! तुला तर परक्याच्याबी जाळीत एक न्हाई मारता आला."

"आन् ताई आल्यावर तिचं कसं?"

"मी हाय ना! लेकीला माय खाऊ घालीन. सूनबाई, तू जल्दी बॅग भर."

आत्याबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. खेळाचा नियम त्यांना समजावून सांगावा, असंही क्षणभर मनात आलं. पण बॅग माळ्यावर होती, ती काढायची घाई होती.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावाने कौतुकाने विचारलं, "ताई, दाजींना हरवलं म्हणे! किती गोल मारले?"

"चार," मी ताठ मानेने सांगितलं. कुठल्या जाळीत, ते त्याने विचारलं नाही. मीही उगाच तपशिलात गेले नाही.